पेपरातली व्यंगचित्रं ऑनलाइन: रोज गाठायची कशी, आणि त्यावर लिहायचं काय?

रंकाळाकाठ:
कोल्हापुरातल्या आठ-दहा वाचकांचा ग्रुप आहे. रोजच्या पेपरातली व्यंगचित्रं आणि चित्रमालिका ऑनलाइन वाचायच्या आणि त्यावर चार ओळी लिहायच्या, एवढाच उद्योग. अडतं ते असं. ई-पेपरात चित्र कधी सापडतं, कधी नाही. पुण्याच्या सभासदाला दिसलेलं इथल्या आवृत्तीत नसतं. फॉरवर्ड होऊन आलेल्या चित्राला ना सही ना तारीख. शेरे म्हणाल तर एकतर 'लई भारी', नाहीतर थेट पक्षांची भांडणं. शिवाय चित्र उचलून ग्रुपवर टाकणं कायद्यात बसतं का, हा प्रश्न आहेच. जाणकारांनी सांगावं.

तिसरी चौकट:
आवृत्तीचा घोळ आधी सोडवू. संपादकीय पान बहुतेक दैनिकांत सगळ्या आवृत्त्यांना एकच असतं. त्यामुळे तिथलं मोठं व्यंगचित्र कोल्हापूर काय नि पुणे काय, सारखंच. पहिल्या पानावरचं एका कॉलमातलं पॉकेट कार्टून मात्र जाहिरात आली की सरकतं, कधी आत जातं, कधी त्या आवृत्तीतून गळतंच. सणासुदीला अंकाला जाहिरातीचं जॅकेट असतं, तेव्हा खरं पहिलं पान ई-पेपरात तिसऱ्या क्रमांकावर बघायचं. आणि चित्रमालिका पुरवणीत असेल तर ती मुख्य अंकात शोधूच नका. आवृत्त्यांच्या यादीत पुरवणीचं नाव वेगळं असतं, ते निवडावं लागतं. 'आज मालिका आलीच नाही' अशी निम्मी तक्रार इथेच मिटते.

कात्रण काढताना पान आधी पूर्ण मोठं करा. पान लहान असताना कात्री (कात्रण कापायचं बटण) मारली तर काही ई-पेपरांत प्रतिमाही लहानच मिळते आणि फुग्यातली (पात्राच्या बोलण्याची) अक्षरं वाचता येत नाहीत. ई-पेपराची स्वतःची कात्री असेल तर तीच वापरा. तिच्या कात्रणावर बहुतेक वेळा दैनिकाचं नाव आणि तारीख आपोआप येते, स्क्रीनशॉटवर यातलं काही येत नाही. स्क्रीनशॉटच घ्यायचा झाला तर फाइलला लगेच नाव द्या: वर्ष-महिना-दिवस, दैनिक, आवृत्ती, पान. वर्ष पुढे ठेवलं की फाइली आपोआप क्रमाने लागतात. कात्रणाच्या लिंकवर भिस्त ठेवू नका. कित्येक ठिकाणी काही दिवसांनी ती लॉगिन मागते, आणि लॉगिनमागचं पान वेबॅक मशीनलाही (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी साइट) जतन करता येत नाही.

ग्रुपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवलंत की व्हॉट्सअॅप तो दाबतं. निसर्गचित्रात ते कळत नाही, पण व्यंगचित्रात काळ्या रेषेभोवती करडी भुसभुशीत किनार येते आणि बारीक हॅचिंगचा (छायेसाठी मारलेल्या जवळजवळच्या रेघांचा) चिखल होतो. एचडी निवडा, किंवा सरळ डॉक्युमेंट म्हणून जोडा. साठवायला जेपीईजीपेक्षा पीएनजी बरं, कारण काळ्या-पांढऱ्याच्या कडा त्यात शाबूत राहतात.

चित्रकाराचं स्वतःचं पान असेल तर तेही फॉलो करावं, पण ती प्रत आणि अंकातली प्रत एकच असेल असं धरून चालू नये. अंकात काळं-पांढरं आणि पानावर रंगीत, असं होतं. न छापलेलं चित्रही तिथे येऊ शकतं. शेरा कुठल्या प्रतीवर आहे ते लिहा.

इंग्रजी मालिका वाचत असाल तर एक्सकेसीडी फुकट आहे, सोमवार-बुधवार-शुक्रवार येते आणि तिची आरएसएस फीड (नवं चित्र आलं की आपोआप कळवणारी लिंक) कुठल्याही फीड रीडरमध्ये टाकता येते. तिथे चित्रावर माउस थांबवला की एक जादा ओळ दिसते. ती न वाचता शेरा लिहिणं म्हणजे नाटक संपायच्या आत उठणं. गोकॉमिक्स या इंग्रजी चित्रमालिकांच्या साइटला एप्रिल २०२५ पासून वर्गणी लागते. तिथे 'कॅल्विन अँड हॉब्स' रोज नवी दिसते खरी, पण ती मालिका ३१ डिसेंबर १९९५ लाच संपली; जुनी चित्रं फिरवून लावतात. तिच्यात आजची बातमी शोधू नका.

रेघोट्या:
मी शेऱ्याचं बघतो. आधी शब्द जागच्या जागी लावा. अर्कचित्र म्हणजे माणसाच्या चेहऱ्यामोहऱ्याचा अर्क काढलेलं चित्र. हास्यचित्राला बातमी लागत नाही, ते वीस वर्षांनीही हसवतं. राजकीय व्यंगचित्र मात्र त्या दिवसाच्या बातमीवर उभं असतं. तिन्हींना एकच फूटपट्टी लावली की शेरा फसतो. अर्कचित्रावर 'यात मुद्दा काय?' विचारणं आणि हास्यचित्रात पक्ष शोधणं, दोन्ही फुकटच.

लिहिण्याआधी काय काढलंय ते तीन वाक्यांत लिहून बघा, मत न देता. आता बघा भावा. समजा जुलैअखेर एक चित्र आलं: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळीपट्टी, पाणी ३९ च्या खुणेला टेकलेलं, पट्टीला रेलून पांढऱ्या शर्टातला पुढारी मनगटावरचं घड्याळ बघतोय. फुगा नाही, शीर्षक नाही. 'सगळे असलेच' हा शेरा कुठल्याही चित्राखाली चालेल, म्हणजे तो ह्या चित्रावरचा नव्हे. कोल्हापूरच्या वाचकाला ठाऊक असतं की पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. मग चित्र उलगडतं: पुढाऱ्याच्या हिशेबात अजून चार फूट वेळ आहे. अख्खा विनोद त्या चार फुटांत. बाहेरगावच्या सभासदाला हे दोन आकडे सांगणं हाच उपयोगी शेरा. मग पुढचं विचारता येतं: पट्टीवर ४३ ची खूण दाखवलीय का? नसेल तर इथलं नसलेल्या वाचकाला चित्र कळणार नाही, आणि ती चित्राची उणीव आहे असं खुशाल लिहा.

याच चित्रात भांडण कुठून सुरू होईल तेही दिसतंय. कुणीतरी म्हणणार, घड्याळ आहे म्हणजे अमक्या पक्षावर आहे. थांबा. निवडणूक चिन्हातलं घड्याळ गजराचं आहे, टेबलावर ठेवायचं. मनगटावर बांधलेलं घड्याळ ही नुसती वेळ. चिन्ह म्हणूनच काढायचं असेल तर चित्रकार ते ओळखू येईल असं काढतो, झाकत नाही. नियम असा करा: पक्षाचं नाव घ्यायचं असेल तर चित्रातल्या कुठल्या रेषेवरून घेतलं ते सांगायचं, सांगता आलं नाही तर नाव काढायचं. निम्मी भांडणं आपोआप बसतात.

चित्रमालिकेचं वेगळं आहे. तिथे विनोदापेक्षा वेळ बघा. डावीकडचा-वरचा फुगा आधी, हे सगळ्यांना येतं, पण बिनबोलाची चौकट कुठे आहे ते फार कमी जण बघतात. शेवटच्या चौकटीच्या आधी पात्र नुसतं बघत उभं असेल तर ती चौकट म्हणजे श्वास आहे. ती झाकून उरलेली मालिका वाचा. विनोद तरीही तसाच बसला तर ती चौकट भरतीची होती. श्रेय देताना लेखक विसरू नका. 'चिंटू' १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाली ती चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांची. चित्रावर लिहिणारे एकच नाव देऊन मोकळे होतात.

सरावाला शि. द. फडणीसांची शब्दविरहित हास्यचित्रं घ्या. फुगाच नाही, त्यामुळे बातमीचा आधार नाही. जे आहे ते रेषेत आणि रंगात. पुढची पायरी म्हणून वसंत सरवटे, मूळचे कोल्हापूरचेच, पेशाने इंजिनिअर. त्यांच्या चित्रात माणूस कसा उभा आहे आणि हात कुठे ठेवलेत एवढंच दोन मिनिटं बघा.

महाद्वारवाला:
एवढं उकलून सांगायला लागलात तर हसणार कोण मर्दा? विनोद समजावला की मेला.

रेघोट्या:
@महाद्वारवाला, समजावला की मरतो हे मान्य. म्हणून संदर्भ सांगायचा, विनोद नाही. '३९ इशारा, ४३ धोका' इथं थांबायचं, 'म्हणून हसायचं' हे लिहायचं नाही. आणि चित्र टाकल्यापासून संध्याकाळपर्यंत कुणी उकल लिहायची नाही. सकाळी कामावर गेलेल्यांनाही स्वतः ओळखायची संधी मिळायला पाहिजे.

कलम ५२:
कायद्याचं. कॉपीराइट कायदा १९५७ मधल्या कलम ५२ नुसार टीका किंवा परीक्षणासाठी फेअर डीलिंगला (वाजवी वापराला) मुभा आहे. एक चित्र, त्याखाली त्याच चित्राबद्दल चार ओळी, चित्रकार-दैनिक-तारीख यांचा उल्लेख, ही तुमची भक्कम बाजू. रोजची मालिका एक शब्द न लिहिता ग्रुपवर ओतणं म्हणजे परीक्षण नव्हे, अंकाचा फुकट पुरवठा. जिथे लिंक उघडते तिथे लिंकच द्या.

परवानगी मागायची तर कुणाकडे, यातही गफलत होते. कलम १७ प्रमाणे नोकरीतल्या चित्रकाराने दैनिकासाठी काढलेल्या चित्राचे वृत्तपत्रात-मासिकात छापण्याचे हक्क मालकाचे. बाकीचे चित्रकाराकडे, वेगळा करार नसेल तर. बाहेरून चित्र देणाऱ्याचं गणित त्याच्या करारावर. त्यामुळे संग्रह किंवा प्रदर्शन करायचं असेल तर दोघांनाही विचारलेलं बरं. मुदत चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. आर. के. लक्ष्मण २०१५ मध्ये गेले, म्हणजे त्यांची चित्रं २०७५ अखेरपर्यंत संरक्षित. 'जुनं आहे, चालतंय' असं नसतं.

आणि फुग्यातला मजकूर बदलून चित्र फिरवू नका, गंमत म्हणूनही. कलम ५७ मध्ये चित्रकाराला श्रेयाचा आणि प्रतिष्ठेला बाधक मोडतोडीवर हरकत घेण्याचा हक्क आहे. कॉपीराइट विकला तरी तो हक्क राहतो.

शेऱ्यांबद्दल: आयटी कायद्याचं ६६अ (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षेचं कलम) सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, पण बदनामीचं कलम आहेच, आता भारतीय न्याय संहितेत ३५६. चित्रात पुढाऱ्याच्या खिशातून नोटा डोकावतायत हे लिहिणं म्हणजे चित्राचं वर्णन. 'अमक्याने एवढे खाल्ले' हा तुमचा स्वतःचा आरोप झाला, आणि त्याचा पुरावा तुम्हालाच द्यावा लागेल.

तिसरी चौकट:
बिनसहीच्या फॉरवर्डबद्दल राहिलं होतं. फुगा झूम करून बघा. बाकी चित्रात हाताचं अक्षर आणि एकाच फुग्यात संगणकाचा फॉन्ट असेल तर संशय घ्या. कागदाचा रंग पिवळट आणि फुग्याच्या आत पांढराशुभ्र ठिगळ दिसलं तर मजकूर बहुधा बदललाय. चौकटीची एखादी बाजू गायब असेल तर सही त्याच बाजूला असेल आणि कापली गेली असेल. मग गूगल लेन्सवर (चित्रावरून चित्र शोधणारं साधन) टाका, पण फुगा वगळून, नुसतं चित्र. मजकुरासकट टाकलंत तर बदललेल्याच प्रती पुढे येतात. मूळ सापडेपर्यंत त्यावर शेरा नको.

रंकाळाकाठ:
आभार. संध्याकाळपर्यंत उकल नाही, हा नियम आजपासून लागू. एकच राहिलं: इंटरनेटच्या आधीच्या अंकांतली चित्रं टिपायची तर कशी?

तिसरी चौकट:
जुन्या अंकांच्या बांधीव फाइली करवीर नगर वाचन मंदिरात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत का, कुठल्या वर्षांच्या आणि फोटोला परवानगी आहे का, हे आधी विचारून जा. प्रत्येक चित्राचे दोन फोटो घ्या: एक पूर्ण पानाचा, तारखेच्या पट्टीसकट, दुसरा चित्राचा जवळून. फ्लॅश बंद, फोन पानाला समांतर. शिवणीजवळ पान वळतं आणि चौकट वाकडी येते. तिथे पान दाबू नका, जुना कागद फाटतो. समोरचं पान थोडं उचलून धरायला कुणाला तरी सोबत न्या. मागची छपाई आरपार दिसत असेल तर पानाखाली काळा कार्डशीट सरकवा, मागची अक्षरं बरीचशी विरतात. घरी सुटी कात्रणं असतील तर स्कॅनरवर ६०० डीपीआय, ग्रे स्केल. नुसत्या ब्लॅक-अँड-व्हाइटवर ठेवलंत तर बारीक रेषा तुटतात.