पहिल्या सिनेमापासून मागे लागलोय: तुमचा तरुण दिग्दर्शक कोणता?

परवा घरी 'किल्ला' पुन्हा लावला होता. सातवीतली मुलगी आधी मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसलेली, मग हळूहळू सरकत शेजारी आली. सिनेमा संपल्यावर म्हणाली, "बाबा, या काकांनी पुढे काय केलं?"

तिला उत्तर देता देता हा धागा सुचला. 'तरुण' म्हणजे वय नको मोजायला. ज्यांचा पहिला मोठा सिनेमा २०१० नंतर आला, ते सगळे चालतील. अट एकच, परीक्षण नको आणि तारे तर नकोतच. पहिला सिनेमा कुठे पाहिलात, त्यात काय सापडलं आणि त्यानंतर त्या माणसाच्या मागे कसे लागलात, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. वडील वीज मंडळात, दर तीन-चार वर्षांनी बदली. पाचवीत असताना चिपळूणला आलो आणि पहिला महिनाभर वर्गात कुणाशी बोललो नाही. २०१५च्या जूनमध्ये बाहेर पाऊस आणि आत 'किल्ला'! आईची बदली झाली म्हणून पुण्याहून कोकणात आलेला तो चिन्मय पाहून मी अंधारात मुकाट रडलो. कॅमेराही दिग्दर्शकानेच, म्हणजे अविनाश अरुणने केला होता. नाव लिहून ठेवलं. मग 'मसान' पाहिला तर छायालेखक तोच, 'दृश्यम' पाहिला तर पुन्हा तोच. मग 'पाताल लोक'. मला वाटलं, गेला हा, आता मालिकाच करणार. आणि २०२३मध्ये 'थ्री ऑफ अस' आला. त्यात विसरायला लागलेली एक बाई लहानपणीचं गाव पुन्हा बघायला वेंगुर्ल्याला जाते. 'किल्ला'मध्ये पोरगा कोकणात येतो, इथे बाई परत जाते. एकच गोष्ट हा माणूस आठ वर्षांनी दुसऱ्या टोकाकडून सांगतोय असं मला वाटलं. बायकोला पटलेलं नाही. तिच्या मते मला सगळीकडे चिपळूणच दिसतं.

पाटावरची
मी चंद्रपूरची. 'स्थळ' आमच्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावात झालेला, गावातलीच माणसं घेऊन. टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात २०२३मध्ये गेला, आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार घेऊन आला आणि आमच्यापर्यंत पोचला मार्च २०२५मध्ये. दीड वर्ष! आई आणि मावशीला घेऊन गेले.

मला सतरा स्थळं आली होती, मी मोजली आहेत. पोहे, चहा, पाट, खाली मान. "नाव काय, उंची किती, शिक्षण किती, शेतात कामाची सवय हाय का?" प्रश्नांचा क्रमसुद्धा ठरलेला. सिनेमाच्या सुरुवातीलाच हा डाव उलटा केलाय, मुलगा बसलाय आणि बाया प्रश्न विचारतायत. थिएटरात हशा झाला, मावशी सगळ्यात जोरात हसली. पुढे सिनेमातली सविता खरोखरची पाटावर बसली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, तेव्हा मावशीचा आवाज बंद झाला. घरी येताना रिक्षात आई एवढंच म्हणाली, "माह्या वेळी तर मले पोरगा दिसलाच नव्हता, त्याचे बूट दिसले होते."

दिग्दर्शक जयंत सोमलकरांचं आधीचं काम नंतर शोधलं. 'गिल्टी माइंड्स' या वेब मालिकेच्या दिग्दर्शनात ते होते. वकिलांची मालिका करून माणूस पहिला सिनेमा करायला आपल्या गावात परत येतो, हे मला फार आवडलं. दुसराही इकडचाच करावा. आमच्याकडे विषयांची कमी नाही.

जेऊर फाटा
करमाळा तालुक्यातला असल्याने नागराज मंजुळेंबद्दल मी निःपक्षपाती नाही, आधीच सांगतो. 'सैराट' तीनदा पाहिला. अकलूजला पब्लिक पडद्यापुढे नाचत होतं, चिल्लर उडत होती. आणि शेवटी ते बाळ लाल पावलं उमटवत निघालं तेव्हा हजारभर माणसं एकदम गप्प. बाहेर गाड्यांना किक मारायचं कुणाच्या लक्षात येईना.

तरीही माझा सिनेमा 'फँड्री'च. तो शेवटचा दगड आपल्याच दिशेने येतो, तेव्हा आपण दगड मारणाऱ्या जब्याच्या बाजूचे होतो की त्याला हसणाऱ्या गर्दीतले, याचा हिशेब प्रत्येकाला करावा लागतो. मी गर्दीतला होतो. शाळेत आमच्या वर्गात जब्यासारखाच एक कैकाडी पोरगा होता, त्याला आम्ही काय म्हणायचो ते इथे लिहीत नाही.

तक्रार अशी, की 'सैराट' २०१६चा, 'झुंड' २०२२चा. मधे 'पावसाचा निबंध' हा लघुपट सोडला, तर अभिनय, निर्मिती, टीव्हीवर करोडपतीचं सूत्रसंचालन. माणूस मोठा झाला की त्याच्याकडे सगळ्यांची कामं येतात आणि त्याचं स्वतःचं मागे पडतं. गावाकडे थोरल्या भावाचं होतं तसं.

कट्ट्यावरचा
@जेऊर फाटा, थोरल्या भावाने धाकट्यांना उभं केलं हेही लिहा की! 'सैराट'चा कॅमेरा सुधाकर रेड्डी यक्कंटींचा. त्यांनी 'नाळ' केला तेव्हा पाठीशी नागराजच होते, आणि त्या पहिल्याच सिनेमाला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हाही करिअरचा विकासच म्हणायचा.

जेऊर फाटा
मान्य. पण मला सिनेमा पाहिजे.

मांडवी काठ
मी पणजीत राहतो, त्यामुळे इफ्फी, म्हणजे इथला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, ही आमची वार्षिक जत्रा. रजा टाकायची, गळ्यात पास अडकवायचा आणि दिवसाला चार सिनेमे. २०२१मध्ये 'गोदावरी'च्या रांगेत उभा राहिलो तो केवळ निखिल महाजन या नावामुळे. त्याचा 'पुणे ५२' मी २०१३मध्ये पाहिला होता. मराठीत खासगी गुप्तहेराची गोष्ट, ती पण नव्वदच्या दशकातल्या पुण्यात! निम्मा कळला नाही, पण डोक्यातून जाईना. त्यानंतरचा 'बाजी' पाहून मित्राने तिकिटाचे पैसे माझ्याकडून वसूल केले होते. म्हणून या वेळी एकटाच गेलो.

'गोदावरी'त भाडं वसूल करत फिरणारा, नदीवर आणि घरादारावर चिडलेला माणूस. दिग्दर्शक निशिकांत कामत २०२०मध्ये गेले, हा सिनेमा त्यांच्या आठवणीत केलेला, नायकाचं नावही निशिकांत. जितेंद्र जोशीला इफ्फीत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्य मयूर मिळाला, पुढे महाजनला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार. लोकांना वाटलं नवीन कुणी आला. अहो, मधे 'बाजी' पडला होता! एक सिनेमा पडूनही माणूस टिकला, हे मला त्या पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं. मित्राला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, पैसे परत मिळणार नाहीत.

खर्जातला सा
न्यू जर्सीतून लिहितेय. २०२१च्या एप्रिलमध्ये 'द डिसायपल' घरीच, नेटफ्लिक्सवर पाहिला. त्या काळात माझी गाण्याची तालीम झूमवर चालायची. आवाज अर्धा सेकंद उशिरा पोचायचा, त्यामुळे बाईंना 'वा' म्हणायला माझी चूक होऊन गेल्यावर सुचायचं. अठरा वर्षं शिकतेय आणि मी मैफिलीची गायिका होणार नाही हे मला साधारण दहाव्या वर्षी कळलं होतं. ते कुणाला सांगितलं नव्हतं. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेला कसं कळलं?

रात्री मोटारसायकलवर संथ जाणारा, गायक होऊ पाहणारा शरद, आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचा आवाज. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा. सिनेमा नेटफ्लिक्सवर आला त्याच महिन्यात त्या गेल्या, त्यामुळे तो भाग मला अजून सलग ऐकवत नाही. 'कोर्ट' मी नंतर पाहिला. 'कोर्ट' २०१४चा, 'डिसायपल' २०२०चा, म्हणजे मधे सहा वर्षं. एका रागाला सहा वर्षं द्यावीत हे आम्हाला शिकवतात, सिनेमावाल्यांना कोण शिकवतं?

मधली सीट
एक रडगाणं. गेल्या वर्षी एक मराठी सिनेमा पाहायला गेलो, दिग्दर्शकाचा पहिलाच. शहरभरात एकच खेळ, सकाळी सव्वादहाचा, कामाच्या दिवशी. अर्धी रजा टाकली. तिथे गेल्यावर कळलं की तीनच तिकिटं गेलीत म्हणून खेळ रद्द. उरलेले दोघं दिग्दर्शकाचे काका-काकू होते! करिअरचं बोलताय, आधी सव्वादहाचं काहीतरी करा.

नववी ब
मी शिक्षिका. सुजय डहाकेचा 'शाळा' पाहिल्यावर वर्गातल्या चिठ्ठ्या जप्त करणं सोडलं. 'श्यामची आई' त्याने कृष्णधवल केला, तोही आवडला, पण माझ्या पोरांनी विचारलं, "बाई, रंग उडालाय का?"

नाव नको
बरेच दिवस नुसता वाचत होतो. माझं गाव संगमनेरकडे, नोकरी पुण्यात. वडील गेले तेव्हा दहा दिवस गावी होतो. सगळे जमलेले, आणि तिसऱ्या दिवसापासून विषय एकच, याचं लग्न कधी. मला मुली आवडत नाहीत हे घरात फक्त आईला माहीत आहे. ती दर वेळी मधेच उठून "चहा टाकते" म्हणायची. दहा दिवसांत किती चहा झाला असेल!

सप्टेंबर २०२५मध्ये 'साबर बोंडं' पाहिला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद, तिथला त्याचा जुना मित्र बाळ्या, आणि सगळं समजून असलेली आई. रोहन कानवडेंनी सिनेमाचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही, आधी लघुपट करत होते. या पहिल्याच मोठ्या सिनेमाला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ते सगळं वाचून मी गेलो होतो. पण मला लागलं ते हे, की पडद्यावर कुणी आरडाओरडा केला नाही. आमच्यासारख्यांच्या गोष्टीत कुणीतरी मरतं किंवा मार खातं. इथे दोघं रानात बसतात आणि काट्यांतून काढून साबरबोंडं खातात.

आईला अजून दाखवला नाही. कानवडेंचा पुढचा कधी येईल ते येवो, मला घाई नाही. आधी हा आईला दाखवायचाय.

धागाकर्ता
@नाव नको, लिहिलंत, बरं वाटलं. दाखवलात की इथे सांगा, नाही सांगितलंत तरी चालेल.

मुलीला तुमच्या सगळ्यांचे प्रतिसाद वाचून दाखवले. तिने वहीत यादी केलीय. 'स्थळ' सगळ्यात वर आहे, कारण तिला पाट म्हणजे नेमकं काय ते बघायचंय. आमच्या घरात पाट नाही.