विषय: मंगळवेढ्याकडच्या गावाचं पाणी आणि आपला निधी

प्रेषक: कार्यवाह

नमस्कार मंडळी,

इथे परदेशात आपल्या मंडळाच्या मेळाव्यात जमलेली देणगी सोलापूर जिल्ह्यातल्या, मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी द्यायचं कार्यकारिणीत ठरलं आहे. सरपंचांनी आरओ प्लांटचं, म्हणजे पडद्यातून दाबाने गाळून पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्राचं, अंदाजपत्रक पाठवलंय. त्यात मशीन, पत्र्याची शेड, नाणं टाकून वीस लिटरचा जार भरायची सोय आणि मंडळाच्या नावाचा फलक आहे. सूचना, हरकती रविवारपर्यंत कळवाव्यात.

प्रेषक: एक सभासद (माहेर मंगळवेढा)

दादा, नमस्कार.

माझी हरकत आहे. मशीन घ्यायच्या आधी पाण्यात नेमकं काय बिघडलंय ते कळायला हवं, आणि अंदाजपत्रकासोबत तपासणीचा अहवालच नाही.

आपल्या भागात दोन वेगळी पाणी आहेत. एक बोअरचं. खाली काळा पाषाण, वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, त्यामुळे बोअर खोल जातात आणि पाणी जड, खारट लागतं. शेतातल्या युरियाचं आणि उकिरड्यांचं नायट्रेटही त्यात मुरतं. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, तिच्यात सूट नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं प्रमाण वाढतं. तुरटीने फक्त गढूळपणा बसतो. तिथे आरओ किंवा पाण्याचा दुसरा स्रोत शोधणं योग्यच.

दुसरं पाणी भीमेचं, योजनेतून नळाला येणारं. तिथे मुख्य भीती जंतूंची. नळ काही दिवसांनी एकदा सुटतो. मधल्या काळात पाइप रिकामा राहतो आणि जिथे गळती आहे तिथून गटारीचं पाणी आत ओढलं जातं. त्यातून दाब कमी, म्हणून लोक दारात खड्डा खणून नळ खाली घेतात. त्या नळखड्ड्यात सांडपाणी साचतं, तोटी नसलेला पाइप त्यात बुडालेला असतो, आणि पाणी सुटलं की पहिली कळशी त्यातूनच भरते. जुलाब, कावीळ, गॅस्ट्रो इथून येतात. चौकात आरओ बसवून हा खड्डा बुजत नाही. घरात जार आला तरी पोरं तोंड लावतात नळालाच, आणि शाळेच्या टाकीत तेच पाणी असतं.

शिवाय आरओ जितकं गोड पाणी देतं, बऱ्याचदा तितकंच किंवा त्याहून जास्त खारं पाणी बाहेर टाकतं. मे महिन्यात जिथे बोअर आटतात तिथे हे परवडत नाही. मेंब्रेन (गाळणारा पडदा) बदलणं आणि वीजबिल पुढे कोण भरणार, हेही अंदाजपत्रकात नाही.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद (मूळगाव सांगोला तालुका)

ताई, खड्ड्यांचं पटलं. पण गावाची मागणी आरओची आहे हे विसरू नका. खारं पाणी पिऊन लोक कंटाळलेत. टीसीएल (जंतू मारायची क्लोरीनची पावडर) टाकलं की वास येतो म्हणून बायका ते पाणी ओतून देतात, हे मी स्वतः पाहिलंय. गावाला नको असलेलं काम आपण लादलं तर ते टिकणार नाही.

प्रेषक: खजिनदार

पैशाचा नियम आधी सांगतो. आपलं मंडळ परदेशी संस्था आहे, म्हणून हा निधी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या भारतातल्या 2010 च्या कायद्याखाली येतो. सरपंचांच्या किंवा गावातल्या तरुण मंडळाच्या साध्या खात्यात तो पाठवता येणार नाही. नोंदणी असलेल्या संस्थेच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या खात्यातच जावा लागतो, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ती संस्था तो दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. म्हणजे काम तिनेच करायला हवं. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम यात येत नाही. इथलं नागरिकत्व घेतलेल्यांची येते, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी.

प्रेषक: एक सभासद (माहेर मंगळवेढा)

काका, तुमचं म्हणणं रास्त आहे. वास येतो तो बहुतेक वेळा टीसीएल अंदाजाने टाकल्यामुळे. हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम पुरते. पन्नास हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. बादलीत आधी लगदा करायचा, चुना तळाशी बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची आणि अर्धा तास थांबून पाणी सोडायचं. पोतं उघडं राहिलं की पावडरीचा जोर जातो, मग माणूस दुप्पट टाकतो किंवा टाकतच नाही. शेवटच्या घरच्या नळाला ओटीने (क्लोरीन तपासायच्या द्रावणाने) तपासलं की पिवळा रंग दिसायला हवा. तिथे लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असलं म्हणजे झालं. हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं आहे. त्याला वजनकाटा, झाकणाचा डबा आणि वेळेवर पगार मिळाला तर वासाची तक्रार कमी होईल.

म्हणून माझी मागणी अशी की फलक आणि मशीन दोन्ही थांबवावं. आधी बोअर, टाकी आणि शेवटचा नळ, तिन्हीचे नमुने सोलापूरला भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावेत. नायट्रेट किंवा क्षार मर्यादेबाहेर निघाले तर आरओला माझा पाठिंबा राहील, फक्त त्याच्या पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे बाजूला ठेवून. नाही निघाले तर गळती काढणं, नळखड्डे बुजवून नळ वर घेणं आणि शाळेची टाकी धुऊन झाकणं, यात पैसा घालू. कोणत्या वाटेने जायचं ते ग्रामसभेत, बायकांच्या समोर ठरावं. पाणी त्याच भरतात.

डिसेंबरात सोलापूरला कोण जाणार आहे? जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक मिळते. ती बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवावी लागते, घरच्या बिसलरीच्या बाटलीत नमुना चालत नाही. जाणाऱ्यांनी मला लिहावं, म्हणजे माझ्या भावाला मोटारसायकल घेऊन तयार ठेवते.