मदत हवी आहे: हतनूरच्या गाळात कयाकचा नांगर धरत नाही

जळगाव जिल्ह्यातल्या चांगदेव गावच्या तापी-पूर्णा संगमाखाली, हतनूर धरणाच्या फुगवट्यात हिवाळी पक्षी बघायला हवा भरून फुगवायची दोन माणसांची कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) नेतो. पाणी दोन-अडीच मीटर, तळाला मऊ काळा गाळ. दहानंतर वारा सुटला की कयाक सरकत थव्याच्या अंगावर जाते आणि चक्रवाक उठतात. ते मुळीच व्हायला नको.

नांगर दीड किलोचा, चार घडीच्या फाळांचा. दोर 5 मीटरचा होता, तो 15 केला. ओढ आडवी राहावी म्हणून फाळाजवळ मीटरभर साखळीही जोडली. तरी फाळ गाळातून लोण्यातून सुरी निघावी तसे सुटतात, आणि पाणवनस्पती गुंडाळून आली की दुसऱ्यांदा रुततच नाहीत. दोर नाकाशीच बांधतो. कडेला बांधला तर लाटेत कलंडायची भीती. वाळूची पिशवी धरते, पण भिजलेली वर घेताना कड पाण्याला टेकते.

लाइफ जॅकेट दोघांनाही असतं. वजन 4 किलोच्या आत हवं, मच्छीमारांच्या जाळ्यांत अडकेल असं काही नको.

अशा गाळात छत्रीच्या आकाराचा नांगर धरतो का? की बांबू रोवून कयाक बांधावी, आणि बांबू गाळात किती खोल जायला हवा?