वाफेवर चालणारे छोटे इंजिन कोल्हापुरात बांधायचे आहे: बॉयलर कोणता घ्यावा?

उद्यमनगरकर (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. शिवाजी उद्यमनगरात आमचे छोटे वर्कशॉप आहे. लेथ, मिलिंग मशीन आणि ड्रिल हाताशी आहेत आणि संध्याकाळी काम उरकले की ती मोकळीच असतात. कोळशावर खरोखर वाफ करून चालणारे, मागच्या ट्रॉलीवर बसलेल्या माणसांना ओढून नेणारे छोटे रेल्वे इंजिन स्वतःच्या हातांनी बांधावे, अशी इच्छा बरीच वर्षे मनात आहे. मिरज–कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला तो मीटरगेज म्हणून, आणि वडिलांच्या तोंडून त्या गाड्यांच्या आठवणी ऐकतच आम्ही मोठे झालो. म्हणून मीटरगेजवरचे वायपी इंजिन पाच इंची रुळांवर (म्हणजे दोन रुळांमध्ये पाच इंच अंतर), साधारण एकास आठ या प्रमाणात, करावे असा विचार आहे. पहिल्याच प्रयत्नासाठी हे इंजिन योग्य ठरेल का? दुसरे असे की, ओळखीचे एक फॅब्रिकेटर तीन मिलिमीटरच्या एमएस (साध्या पोलादाच्या) पत्र्याचा बॉयलर वेल्डिंग करून द्यायला तयार आहेत, तर काही जण तांब्याशिवाय पर्याय नाही असे सांगतात. यात खरे काय, आणि अशा बॉयलरला सरकारी परवाना लागतो का, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

वारणाकाठ

वायपीचा मोह मी समजू शकतो, कारण चार-सहा-दोन चाकांची ती मांडणी फार देखणी आहे. परंतु पाच इंची रुळांवर टेंडरसह (कोळसा-पाण्याच्या मागच्या डब्यासह) ते इंजिन दोन मीटरहून लांब होईल, त्याला वळणे मोठ्या त्रिज्येची लागतील आणि ते उचलून गाडीत ठेवायला चार-पाच माणसे लागतील. या छंदात साडेतीन इंच (८९ मिमी), पाच इंच (१२७ मिमी) आणि सव्वासात इंच (१८४ मिमी) हे रूळ सर्वाधिक प्रचलित आहेत. पहिल्या इंजिनासाठी पाच इंची ‘स्वीट पी’ हे चार चाकांचे डिझाइन पाहावे असे मी सुचवेन, कारण त्याची भट्टी गोल नळीची असल्यामुळे सपाट पत्र्यांना आधार देणारे स्टे फारच कमी लागतात आणि बॉयलर बांधणे त्या मानाने सोपे होते.

आता बॉयलरविषयी, कारण या सर्व उद्योगाचे मर्म तेच आहे. आपल्याकडील तांब्याच्या बंबातही मध्ये जाळाची नळी आणि भोवती पाणी अशीच रचना असते, पण बंब वरून उघडा असल्यामुळे त्यात दाब साठत नाही. इंजिनाच्या बॉयलरमध्ये दर चौरस इंचाला ८० पौंड दाबाला पाणी १६० अंशांच्या वर तापलेले असते आणि केवळ दाबामुळेच ते पाणी म्हणून टिकून राहते. सांधा फाटला की त्यातील काही भागाची तत्क्षणी वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सुमारे सोळाशे लिटर वाफ होते. तेव्हा सांधा चांगला दिसतो एवढ्यावर समाधान मानू नये.

पोलादाचे बॉयलर बांधले जातात, पण त्यांना गंजासाठी जास्तीची जाडी ठेवावी लागते, वेल्डिंग प्रमाणित वेल्डरकडूनच करून घ्यावे लागते, आणि महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या इंजिनात ओलसर पत्रा आतून खड्डे पडून खात जातो, ते बाहेरून कळत नाही. तीन मिलिमीटरच्या पत्र्यावर ती जोखीम मी घेणार नाही. तांबे गंजत नाही आणि पोलादाच्या सातपट तरी उष्णता वाहून नेते, म्हणून लहान बॉयलरला तेच श्रेयस्कर. सांधे मात्र चांदीच्या डाखानेच जोडावेत. शिसे-कथिलाचा साधा डाख १८३ अंशांनाच वितळू लागतो. म्हणजे वाफेच्या तापमानापासून तो जेमतेम वीस अंश दूर आहे, आणि पाणी कमी झाले तर तो टिकणारच नाही.

येथे कोल्हापूरकरांना एक मोठी सोय आहे. हुपरीचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या चांदीचे बारीक सांधे डाखाने जोडत आले आहेत, त्यांच्याकडून डाख कसा धावतो हे पाहून यावे. फरक एवढाच की पैंजणाचा सांधा तापवायला फुंकणीची ज्योत पुरते, तर बॉयलरचे अख्खे तांबे एकदम लाल व्हावे लागते. त्यासाठी मोठा गॅस बर्नर आणि भोवती रचलेल्या फायर ब्रिक लागतात. शिवाय ५५ टक्के चांदीचा डाख ६३० ते ६६० अंशांत वितळतो, आणि सोनारांचा टाकणखार तोवर नीट पातळही झालेला नसतो, म्हणून कमी तापमानाला काम करणारा फ्लक्स (सांधा स्वच्छ ठेवून डाख धावू देणारा पदार्थ) वेगळा आणावा. कॅडमियम असलेला डाख चुकूनही वापरू नये. त्याची वाफ विषारी असते.

कायद्याचे म्हणाल, तर २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे पात्र बॉयलरच्या व्याख्येतून वगळलेले आहे आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही ती मर्यादा कायम आहे. आपला बॉयलर त्याहून बराच लहान असेल. तपासायला कोणी अधिकारी येणार नाही, म्हणूनच चाचणीची सगळी जबाबदारी बांधणाऱ्यावर येते. नव्या बॉयलरला कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाची पाण्याची चाचणी द्यावी. आतली सर्व हवा काढून हातपंपाने दाब चढवावा, म्हणजे सांधा सुटला तरी दाब लगेच उतरतो आणि इजा होत नाही. कॉम्प्रेसरच्या हवेने चाचणी करणे हा जिवाशी खेळ आहे. त्यानंतर वाफेवर, पूर्ण जाळ असताना, सेफ्टी व्हॉल्व्हने दाब कामाच्या दाबापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त चढू देता कामा नये. दोन्ही चाचण्या दुसऱ्या एखाद्या जाणकारासमोर घेऊन त्यांची लेखी नोंद ठेवावी.

शिरोली एमआयडीसी

कास्टिंगविषयी थोडे लिहितो, कारण रोजचे काम तेच आहे. चाकांसाठी बीड (ओतीव लोखंड) आणि सिलिंडरसाठी गनमेटल (तांबे-कथिलाचा मिश्रधातू) घ्यावे. बिडाचे सिलिंडर झीज उत्तम सोसतात, पण इंजिन पावसाळाभर उभे राहिले तर गंज धरतात. पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करताना बिडाला शेकडा एक आणि गनमेटलला शेकडा दीड आकुंचन धरावे. चाकांच्या आऱ्या बारीक असल्यामुळे तिथले बीड लवकर थिजून पांढरे व कडक होते आणि मग लेथवर हत्यार टिकत नाही. म्हणून कास्टिंग वाळूतच पूर्ण थंड होऊ द्यायला सांगावे, घाईने मोल्ड फोडू देऊ नये. बॉयलरवरचे बुश (जोडण्या बसवायच्या आट्यांच्या कड्या) पितळेचे करू नयेत. गरम पाण्यात पितळेतील जस्त हळूहळू निघून जाते आणि आटे ठिसूळ होतात. तिथेही गनमेटल किंवा ब्राँझच हवे.

मिरज जंक्शन

वरील सर्व सल्ल्याशी सहमत आहे. चालवण्याच्या बाजूने मी काही जोडतो. आपल्याकडच्या दगडी कोळशात राख फार असते, त्यामुळे लहान जाळीवर तो लवकर गुदमरतो. जाळ धरायला लोणारी कोळसा घ्यावा आणि दगडी कोळसा निवडून, सुपारीएवढा फोडून, थोडा-थोडा टाकावा. फाउंड्रीचा कोक सहज मिळतो म्हणून तो वापरू नका. एवढ्याशा भट्टीत तो पेटता राहत नाही. सुरुवातीला धुराड्यावर छोटा विजेचा पंखा बसवून ओढ निर्माण करावी लागते आणि थोडा दाब चढला की इंजिनाचा स्वतःचा ब्लोअर (धुराड्यात सोडलेला वाफेचा झोत) ते काम घेतो.

निघताना सिलिंडरचे ड्रेन कॉक (पाणी बाहेर सोडणाऱ्या तोट्या) उघडे ठेवावेत, कारण थंड सिलिंडरमध्ये वाफेचे पाणी होते आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे झाकण फुटू शकते. रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करण्यापूर्वी ब्लोअर उघडण्याची सवय हाताला लावून घ्यावी, अन्यथा भट्टीची ज्वाला दारातून चालकाच्या अंगावर येते. बॉयलरमधील पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवरची नजर हटू देऊ नये. पाणी पावसाचे वापरावे. पन्हाळ्याच्या बाजूला राहणाऱ्यांना त्याची चणचण नाही, आणि बोअरच्या जड पाण्याचा थर एकदा नळ्यांवर बसला की तो काढणे फार जिकिरीचे होते.

उद्यमनगरकर

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. वायपी तूर्त बाजूला ठेवून चार चाकांच्या इंजिनापासूनच सुरुवात करतो आणि फॅब्रिकेटरना नकार कळवतो. पुढच्या आठवड्यात हुपरीला जाऊन येणार आहे. वारणाकाठ यांना एक विचारायचे आहे: वेगवेगळे सांधे टप्प्याटप्प्याने जोडताना आधीचा डाख पुन्हा वितळू नये म्हणून काय करावे?

वारणाकाठ

पहिल्या सांध्यांना चांदी कमी असलेला, म्हणजे जास्त तापमानाला वितळणारा डाख वापरावा आणि शेवटच्या सांध्यांना ५५ टक्क्यांचा. मात्र तांबे-फॉस्फरसचा स्वस्त डाख भट्टीच्या बाजूला लावू नये. कोळशातील गंधक त्याला खाते. भट्टीचा धूर पाण्यातून नेणाऱ्या नळ्यांची लांबी आणि आतील व्यास ठरवताना लांबीला व्यासाच्या वर्गाने भागावे. इंचांत ते उत्तर ५० ते ७० च्या दरम्यान आले म्हणजे वाफ नीट होते. ड्रॉइंग हाती आले की पत्र्याची जाडी आणि स्टेमधील अंतर येथे लिहावे, पत्रा कापण्यापूर्वी आपण सर्व जण ते पडताळून पाहू.