धाब्याचं घर पाडतोय. नवं कसं बांधावं?

केळीवाला_रावेर: नमस्कार मंडळी. आजोबांच्या काळचं धाबं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर आहे. सागवानी खांब अजून ठणठणीत आहेत, पण दर पावसाळ्याआधी छतावर खारी माती टाकायला माणूस मिळत नाही. म्हणून पाडतोय. आर्किटेक्टनं एलिव्हेशन (दर्शनी बाजूचं चित्र) पाठवलंय: समोर दोन मजले काच, बाजूला एसीपी, म्हणजे अॅल्युमिनियमचे चकचकीत पत्रे. घराचं तोंड पश्चिमेला. काका म्हणतात, "ही दुबई नको, वाडाच बांध." पोरगं म्हणतं, वाडा म्हणजे मागासलेपणा. कुणाचं ऐकू?

ओव्हरसियर_भुसावळ: दादा, पश्चिमेला काच? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. संध्याकाळी पाचला त्या हॉलमध्ये आर्किटेक्टलाच बसवा, पंखा बंद करून.

पण काकांचंही मला पुरतं पटत नाही. 'आपलं' म्हणजे नेमकं कोणतं? मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या युरोपीय मिशनऱ्यांनी १८६५ साली मंगळुरात काढला, आणि आज तेच कौल आपल्याला गावचं वाटतं. तुमच्या शेजारच्या फैजपूरला १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी केली, ती बांबू आणि गावातल्याच मालावर. आमच्या भुसावळचे जुने रेल्वे बंगले बघा: उंच छत, रुंद व्हरांडा, भिंतीत वरती झरोके. साहेब गेला, आणि व्हरांडा आपण पार्किंगला दिला!

स्वातंत्र्याच्या सुमारास आर्किटेक्ट अच्युत कानविंदे अमेरिकेत हार्वर्डला, आधुनिक वास्तुकलेचे गुरू ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकून आले. त्यांच्या पिढीनं साधं, सरळ काँक्रीट आणलं. त्यांची कामं विचारपूर्वक होती; पुढं नक्कल करणाऱ्यांनी नुसता डबा उचलला. चार्ल्स कोरियांचं अहमदाबादचं 'ट्यूब हाउस' मात्र तुमच्या आर्किटेक्टला चित्रात जरूर दाखवा; घर आता उभं नाही. साठीच्या दशकातलं, अगदी स्वस्तातलं घर. आतलं छत तिरकं, गरम हवा त्याच्या कडेनं वर चढून माथ्यावरच्या फटीतून बाहेर पडायची आणि खालून ताजी आत यायची. अहमदाबादचं ऊन आपल्याच जातीचं. तिथंच बाळकृष्ण दोशींनी १९८० च्या सुमारास आपलं ऑफिस 'संगाथ' अर्धं जमिनीत दडवलं आणि कमानदार छतांवर पांढरा चायना मोझॅक बसवला.

तुम्ही असं करा. जिना, बाथरूम, कोठी पश्चिमेला सरकवा. त्या बाजूची भिंत रॅट-ट्रॅप पद्धतीची घ्या. विटा उभ्या धरून मध्ये पोकळी सोडतात, त्यानं उष्णता अडते. आर्किटेक्ट लॉरी बेकरनी केरळात ती रूढ केली. विटा साधारण पाव हिश्शानं वाचतात. गवंडी कुरकुर करेल, पहिले चार थर उभं राहून करून घ्या. आणि खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला देऊ नका, तो दारात येईलच.

जळगावची_सून: ओव्हरसियर आप्पांनी सगळं सांगितलं, पण काच पुसणार कोण ते कुणी विचारलंच नाही! आमच्याकडे समोर काच आहे. दिवसभर पडदे ओढलेले आणि एसी चालू. दादा, गच्चीचा जिना घरातूनच ठेवा. कुरडया-पापड घेऊन बाहेरून चढउतार नको वाटते.

केळीवाला_रावेर: आप्पा, ताई, धन्यवाद. आर्किटेक्टला फोन केला. तो म्हणतो, "काच काढा, फी तेवढीच." पोरगं रुसलंय, काका खूश, पण वाडा होत नाहीये हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. आप्पा, खांबांची उंची ९ फूट आहे आणि नवा स्लॅब ११ वर. खाली दगडी उथळे (बैठकीचे दगड) घेतले तर चालेल का?

ओव्हरसियर_भुसावळ: चालेल. पण स्लॅबचा भार त्यांच्यावर टाकू नका, व्हरांड्यात उभे करा. बुडाला वाळवी लागलीय का, ते आधी सुताराकडून ठोकून बघा.