६.५ क्रीडमूर, एच४३५०: लांब पल्ल्यासाठी चार्ज ठरवायचा कशावर?

डॅलसकर
मंडळी, रायफलीची ६.५ क्रीडमूर जातीची काडतुसं घरी भरायला यंदा सुरुवात केली आहे. लापुआच्या पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी), हॉर्नडीची १४० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) ईएलडी मॅच गोळी, हॉजडनची एच४३५० पावडर. मॅन्युअलमधल्या किमान चार्जपासून, म्हणजे काडतुसातल्या पावडरच्या किमान वजनापासून, ०.२ ग्रेनने चढत गेलो आणि प्रत्येक चार्जची एकेक गोळी क्रोनोग्राफवरून, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावरून, मारली. मधल्या तीन चार्जना वेग जवळपास सारखाच आला. वाटलं, चार्ज थोडा इकडेतिकडे झाला तरी वेग बदलत नाही अशी सपाट जागा सापडली! पुढच्या शनिवारी तेच चार्ज परत मारले, तर ती सपाटी गायब आणि वर भलतीकडेच दुसरी. मला ६०० ते १००० यार्ड मारायचं आहे. चार्ज ठरवू कसा?

पुंगळीवाला (फिनिक्स)
अरे, ती सपाटी तिथे नव्हतीच, म्हणून परत दिसली नाही. हिशोब बघ. तुझ्या काडतुसात ०.२ ग्रेन वाढवले की वेग वाढतो सेकंदाला दहा-बारा फूट. आणि एकाच चार्जच्या दहा गोळ्या मारल्यास तरी सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मंद गोळीत वीस-तीस फुटांचं अंतर सहज पडतं. मग एकेका गोळीवरून काय कळणार? तीन आकडे ओळीने जवळ येणं हा निव्वळ योगायोग. नवीन माणसाचे महिने आणि महागडे प्रायमर (पावडर पेटवणाऱ्या टोप्या) या सपाटीच्या मागे जातात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

एसडीचंही (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे वेग सरासरीभोवती किती विखुरतात त्याचा आकडा) तेच. पाच गोळ्यांवर एसडी १० आली, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरी एसडी ६ ते २९ च्या मध्ये कुठेतरी आहे. वीस गोळ्यांवर १० आली तर तीच साडेसात ते पंधरा. म्हणून पाच गोळ्यांच्या आकड्यावर दोन चार्जची तुलना करूच नकोस.

वेगाचं एवढं कौतुक का, तर १०० यार्डांवर हा फरक दिसत नाही, पण १००० वर ३० फुटांचा फरक गोळीला सात-आठ इंच वर-खाली नेतो. एफ-क्लासच्या (लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धेच्या) निशाणावर तिथे दहाचं वर्तुळच दहा इंचांचं असतं.

मी स्वतः आधी दाब बघतो, म्हणजे पावडर जळताना चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) होणारा. मॅन्युअलच्या किमान आकड्यापासून हळूहळू चढायचं, कमाल आकडा ओलांडायचा नाही, आणि त्याच्या आतही बोल्ट उचलायला जड गेला किंवा पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकचकीत ठसा उमटला की तिथेच थांबून खाली यायचं. प्रायमर चपटा झाला या एकाच खुणेवर विसंबू नकोस. मग त्या हद्दीच्या बऱ्यापैकी खालचा एक चार्ज घेऊन वीस गोळ्या मारायच्या. इथे बेन एव्हरी रेंजवर उन्हाळ्यात ११० फॅरनहाइट असतं. एच४३५० उष्णतेला फारशी दाद देत नाही, तरी तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस सरकवून वाऱ्याची वाट बघत बसलं की दाब वाढणारच. म्हणून ती मोकळी जागा हवी.

पावडर मोजताना वजनकाटा अर्धा तास आधी चालू ठेव, पंखा आणि एसीचा झोत बंद. ०.१ ग्रेन म्हणजे एच४३५० चे जेमतेम चार-पाच दाणे, शेवटचे मी चिमट्याने टाकतो. आणि टेबलावर एका वेळी एकाच पावडरचा डबा. हा नियम कधीच मोडायचा नाही.

पन्नासमीटर (पुणे)
आमच्या .२२ च्या छोट्या रायफलीत काडतूस घरी भरण्याचा प्रश्नच नाही, पण धडा तोच. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे दोन लॉट (एका वेळी बनवलेल्या खेपा) एकाच नळीतून वेगळे जातात. म्हणून नेमबाज बर्मिंगहॅमला एली या काडतूस कंपनीकडे किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या केंद्रात जाऊन, नळी शिकंज्यात आवळून, लॉट तपासतात. एलीकडे प्रत्येक लॉटच्या ४० गोळ्यांचा गट बघतात. ५० मीटरला दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, तिथे पाच गोळ्यांवर कोण लॉट घेईल?

डॅलसकर
पटलं, दादा. पण वीस गोळ्यांवर एसडी १५ च्या वर आली तर चार्ज बदलू का?

पुंगळीवाला (फिनिक्स)
लगेच नको. आधी पुंगळ्या बघ. सगळ्या तितक्याच वेळा वापरलेल्या आहेत का? पुंगळीची मान (गोळी धरणारा भाग) सारखी आवळली जाते का? ॲनीलिंग (मान तापवून पितळ मऊ करणं) केलंस का? गोळी बसवताना हाताला कधी सैल, कधी घट्ट लागत असेल तर गोम तिथेच आहे. मग प्रायमरची कंपनी बदलून बघ, पण तेव्हा चार्ज परत खालून चढव. पावडरचा लॉट बदलला तरी तसंच. म्हणून मी एकाच लॉटचा ८ पौंडी डबा घेतो. एका काडतुसाला ४० ग्रेन धरले तर त्यात चौदाशे काडतुसं होतात, म्हणजे नळीचं अर्धं आयुष्य एका डब्यावर निघतं.