मोठे टेबल पुन्हा पुन्हा वाचताना मेमरी वाढवूनही पोस्टग्रेस डेटाबेसचा वेग का वाढत नाही?

प्रश्न:
वीजमीटरच्या नोंदींचे आमचे टेबल सुमारे ४० जीबीचे असून सर्व्हरची मेमरी ३२ जीबी आहे. आजच्या आणि चालू महिन्याच्या वापराची विभागवार बेरीज दर पाच मिनिटांनी काढावी लागते. आजच्या नोंदी निवडताना नोंदवेळेच्या कॉलमला डेट फंक्शन लावून आजच्या तारखेशी तुलना केली आहे. शेअर्ड बफर्स (वाचलेला डेटा हाताशी ठेवण्यासाठी पोस्टग्रेसने राखलेली मेमरी) ८ जीबी केले, तरी एक्सप्लेन ॲनालाइझमध्ये (क्वेरी प्रत्यक्ष कशी चालली हे दाखवणारी आज्ञा) जवळजवळ सगळी पाने, म्हणजे टेबलाचे ठरावीक आकाराचे तुकडे, बफरबाहेरूनच आलेली दिसतात. नुकतीच वाचलेली पाने तिथे टिकत का नाहीत?

उत्तर १:
हे मुद्दाम तसे ठेवलेले आहे. टेबल शेअर्ड बफर्सच्या एक चतुर्थांशाहून मोठे असेल, तर सलग वाचनासाठी पोस्टग्रेस बफरमधील फक्त एक छोटी जागा फिरवून वापरतो, जेणेकरून एका अवजड क्वेरीमुळे इतरांची उपयोगी पाने बाहेर फेकली जाऊ नयेत. तुमच्याकडे ही मर्यादा २ जीबी ठरते. म्हणून बफर वाढवत बसण्यापेक्षा वाचायची पाने कमी करणे हाच खरा उपाय आहे.

आधी अट बदला. कॉलमवर फंक्शन लावल्यामुळे त्या कॉलमचा साधा इंडेक्स (हव्या त्या ओळी चटकन शोधून देणारी सूची) निरुपयोगी होतो. त्याऐवजी नोंदवेळ आज मध्यरात्रीपासून पुढे आणि उद्याच्या मध्यरात्रीपूर्वी, अशी मर्यादा लिहा. नोंदी काळाच्या क्रमानेच भरल्या जात असतील, तर ९.५ आवृत्तीपासून असलेला ब्रिन इंडेक्स इथे फार शोभतो. तो दर १२८ पानांच्या, म्हणजे १ एमबीच्या गटासाठी फक्त किमान व कमाल मूल्य ठेवतो, त्यामुळे त्याचा आकार नगण्य राहतो.

उत्तर २:
वरील उत्तराशी सहमत आहे, पण महिन्याची बेरीज तेवढ्याने सुटणार नाही. उलटून गेलेल्या दिवसांची बेरीज बदलत नसताना ती दर पाच मिनिटांनी नव्याने करणे व्यर्थ आहे. दिवस आणि विभाग यांनुसार सारांशाचे वेगळे टेबल ठेवा आणि मूळ टेबलातून फक्त आजचा भाग वाचून त्यात मिळवा. मटेरियलाइझ्ड व्ह्यू (क्वेरीचा साठवून ठेवलेला निकाल) मी इथे सुचवणार नाही, कारण रिफ्रेश करताना, म्हणजे तो अद्ययावत करताना, त्याची संपूर्ण क्वेरी पुन्हा चालते.

प्रश्नकर्ता:
काही मीटरच्या जुन्या नोंदी उशिरा येतात. त्यांचे काय करावे?

उत्तर २:
नोंद ज्या दिवसाची असेल, त्या दिवसाची सारांशातील ओळ पुन्हा मोजा. ब्रिनमध्ये अशा नोंदी सहसा शेवटच्या पानांत जातात आणि त्या गटांचे किमान मूल्य मागे सरकते. परंतु आजच्या क्वेरीला ती पाने वाचावीच लागतात, त्यामुळे तिचा वेग त्याने फारसा बिघडत नाही.